बाबांना मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी ट्रायल सुचवली आहे, हो म्हणावं का? (नागपूर)

वर्षा_मानेवाडा

नमस्कार मंडळी. बाबा ६७ वर्षांचे आहेत. जन्मभर गोळीबार चौकाच्या मागे सूत रंगवायचं काम केलं, हात कोपरापर्यंत रंगलेले असायचे. बिडी होतीच जोडीला, ती आता कुठे सुटली. दिवाळीच्या सुमारास लघवीतून रक्त गेलं. दुखत काही नव्हतं, म्हणून घरात कोणाला सांगितलंच नाही. उष्णता झाली समजून धन्याचं पाणी पीत बसले. रक्ताच्या गुठळ्या पडायला लागल्या तेव्हा आईला कळलं.

धंतोलीत दुर्बिणीतून गाठ काढली. रिपोर्ट आला हाय ग्रेड (जोरात वाढणारा), टी-१ (अस्तराच्या खालच्या थरापर्यंत गेलेला), शिवाय सीआयएस, म्हणजे अस्तरातच पसरलेला चपटा कॅन्सर. महिनाभराने पुन्हा खरवडून पाहिलं, मूत्राशयाच्या भिंतीतल्या स्नायूत काही सापडलं नाही. मग मूत्राशयात नळीतून बीसीजी (टीबीच्या लसीतलंच) सुरू केलं. त्याने ताप, जळजळ, मध्येच ‘स्टॉक नाही’ असं सगळं रामायण झालं. आता परत सिस्टोस्कोपी (दुर्बिणीची तपासणी) आणि बायोप्सी झाली, सीआयएस अजून आहे.

डॉक्टर म्हणाले दोन रस्ते आहेत. एक, मूत्राशय पूर्ण काढायचं. दोन, दुसऱ्या एका हॉस्पिटलात या आजारावरच्या नव्या औषधाची ट्रायल चालू आहे, तिथे पाठवतो. चिठ्ठीवर ‘बीसीजी फेल’ लिहून दिलं. तिथल्या कोऑर्डिनेटर मॅडमनी मराठीतलं संमतिपत्र घरी वाचायला दिलं आहे, चांगलं जाडजूड आहे. मंगळवारी बोलावलंय.

घरात दोन पक्ष पडलेत. भाऊ म्हणतो परदेशी औषध फुकट मिळतंय तर घ्या. आत्या म्हणते माझ्या भावाला उंदीर करू नका. बाबांचं एकच पालुपद, पोटाला पिशवी लावून जगायचं नाही. मला विचारायचंय की ट्रायलमध्ये त्यांना नुसतं मिठाचं पाणी दिलं तर? आपल्याला कसं कळणार? खर्च कोणाचा? कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

इतवारीकर

ताई, काऊन झंझटीत पडता बाप्पा. ट्रायल म्हणजे ट्रायल, कंपनीचा फायदा. गरिबाकडून अंगठा घेते, अन काही झालं तर हात वर करते. मी तर म्हणतो मुंबईले टाटात दाखवा एकदा, अन ते सांगतीन ते करा.

जुना_मास्तर

वर्षाताई, मी डॉक्टर नाही. शाळेत गणित शिकवायचो. निवृत्तीनंतर इथल्याच एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे ट्रायलला मंजुरी देणाऱ्या समितीवर, काही वर्षं होतो. अशा कमिटीत किमान सात जण लागतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचाच. आणि एक जण सामान्य नागरिक. डॉक्टर, वकील, फार्माकॉलॉजिस्ट सगळे आपापल्या भाषेत बोलत असताना ‘मला कळलं नाही’ असं म्हणायला एक माणूस लागतो, ते काम माझ्याकडे होतं. मराठी संमतिपत्रं मी शब्दन्‌शब्द वाचायचो. एकदा एका कागदावर तातडीसाठी ऑफिसचा लँडलाइन नंबर दिला होता. म्हटलं, रात्री दोनला ताप चढला तर हा कोण उचलणार? मोबाइल नंबर टाकेपर्यंत सही केली नाही. दुसऱ्या एकात प्रवासखर्च फक्त रुग्णाचा धरला होता, जसा काही गडचिरोलीहून म्हातारा माणूस एकटाच येणार. तोही सोबतच्या माणसासकट करून घेतला.

आधी आत्याबाईंचा उंदीर. त्यांची भीती हवेतून आलेली नाही. नुकसानभरपाईचे स्पष्ट नियम आपल्याकडे २०१३ मध्ये आले, त्याआधी बरंच काही रामभरोसे चालायचं. आता २०१९ चे नवी औषधे आणि क्लिनिकल ट्रायलचे नियम लागू आहेत. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई वेगळी. गंभीर काही घडलं तर ते करणाऱ्या डॉक्टरला २४ तासांच्या आत वर कळवावं लागतं. कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं आणि म्हणून पुढचे नेहमीचे उपचार कोणी अडवू शकत नाही. सही केलेल्या कागदाची प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे, मागून घ्या. नियम आहेत म्हणून सगळे पाळतातच असं मी म्हणणार नाही, पण इतवारीकर, भांडायला हातात कागद तरी आहे.

आता मिठाचं पाणी. मी पहिल्यांदा विचारायचो तो प्रश्न हाच: दुसऱ्या गटाला काय मिळतं? उत्तर ट्रायलगणिक बदलतं. निआगारा नावाची मोठी ट्रायल घ्या, स्नायूत शिरलेल्या कॅन्सरची, १०६३ रुग्ण. एका गटाला ऑपरेशनआधी केमो आणि ऑपरेशन. दुसऱ्याला तेच सगळं, वर ड्युरव्हालुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं, इंजेक्शन. म्हणजे कमनशिबाने ‘जुन्या’ गटात पडलेल्यालाही त्या काळचा पूर्ण उपचार मिळालाच. दोन वर्षांनी हयात असलेले पहिल्या गटात सुमारे ७५ टक्के, दुसऱ्यात ८२. चेकमेट-२७४ मध्ये मात्र खरंच एका गटाला निव्वळ बिनऔषधाचं इंजेक्शन होतं. पण ते ऑपरेशन झाल्यानंतर, जिथे नेहमीची पद्धतही नुसतं लक्ष ठेवण्याचीच होती. त्यात कोणाचं हिरावून घेतलं नव्हतं. आपल्या नियमांतही हे आहे की प्रचलित उपचार उपलब्ध असताना तो न देता प्लासिबो (असं बिनऔषधाचं) दिला आणि त्यातून इजा झाली तर ती भरपाईत धरतात.

बीसीजीला दाद न देणाऱ्या सीआयएसच्या बहुतेक ट्रायल एकाच गटाच्या असतात, सगळ्यांना नवं औषध. कारण सरळ आहे. पाणी देऊन बसणं म्हणजे गुन्हा, आणि ‘छापा आला तर औषध, काटा आला तर मूत्राशय काढू’ याला कोण तयार होईल? अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणारं सरकारी खातं) २०१८ मध्ये या आजारासाठी असा एका गटाचा अभ्यास चालेल असं लेखी सांगितलं. बाबांच्या कागदात ‘यादृच्छिक’, ‘चिठ्ठी टाकून’ किंवा ‘रँडमाइज’ असं काही आहे का बघा. नसेल तर पाण्याची चिंता सोडा.

आता माझ्या विषयावर येतो. भाऊ तुम्हाला जाहिरातीतला आकडा दाखवेल. या आजारात आकडे दोन असतात, एक किती जणांचा कॅन्सर दिसेनासा झाला आणि दुसरा त्यातल्या किती जणांचा वर्षभर दिसला नाही. दुसरा कोणी मोठ्या अक्षरांत छापत नाही. पेम्ब्रोलिझुमॅब, शिरेतून द्यायची इम्युनोथेरपी, ज्याला जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, त्याच्या ९६ रुग्णांच्या अभ्यासात तीन महिन्यांनी ४१ टक्के साफ. वा. पण त्या ४१ मधले वर्षभर किंवा जास्त टिकले ते ४६ टक्के. गुणाकार करा, शंभरातले एकोणीस. नाडोफाराजीन, जीन थेरपी, दर तीन महिन्यांनी मूत्राशयात सोडतात, डिसेंबर २०२२ ची मान्यता: ५१ टक्के साफ, त्यातले ४६ टक्के टिकले, शंभरातले तेवीस-चोवीस. एप्रिल २०२४ ला बीसीजीसोबत मूत्राशयात द्यायचं अँक्टिवा नावाचं औषध आलं: ६२ आणि ५८, म्हणजे छत्तीस. सप्टेंबर २०२५ ला टार-२०० आलं, जेमसिटाबिन हे केमोचं औषध भरलेली बारीक वेटोळी नळी मूत्राशयात ठेवून देतात आणि ती हळूहळू औषध सोडत राहते: ८२ आणि ५१, म्हणजे बेचाळीस. हे आकडे शेजारी मांडून शर्यत लावू नका. रुग्ण वेगळे, मोजायची रीत वेगळी. पण एकोणीसवरून बेचाळीस ही पाच-सहा वर्षांतली वाटचाल आहे आणि ती ट्रायलमध्ये सही करणाऱ्यांच्या जिवावर झाली आहे. (बीसीजी तरी काय, टीबीच्या लसीतलाच जंतू. १९७६ मध्ये कॅनडात मोरालेस या डॉक्टरने मूठभर रुग्णांच्या मूत्राशयात घालून पाहिला म्हणून आज नागपुरात मिळतो.)

पण बेचाळीस म्हणजे अठ्ठावन्न राहिलेच. मंगळवारी तुम्हाला खरं त्यांच्याविषयी विचारायचंय. मूत्राशय काढणं हाच अजून या आजारातला पक्का उपचार आहे. पेम्ब्रोलिझुमॅबच्या त्या अभ्यासात घेतलेही असेच रुग्ण होते की ज्यांना ते ऑपरेशन झेपणारं नव्हतं किंवा नको होतं. धोका औषधाचा कमी, वाट पाहण्याचा जास्त. हाय ग्रेड सीआयएस आज अस्तरात आहे, स्नायूत शिरला की गणितच बदलतं. म्हणून कागदात ते पान शोधा जिथे लिहिलंय की किती महिन्यांनी तपासणार, काय दिसलं तर औषध थांबवणार आणि थांबवल्यावर बाबांना कोणाच्या हवाली करणार. दर तीन महिन्यांनी सिस्टोस्कोपी आणि लघवीची सायटोलॉजी (लघवीतल्या पेशींची तपासणी) हे अशा अभ्यासात सहसा असतंच. पण ‘रोग राहिला तर पुढचा दिवस ऑपरेशनवाल्या युरोलॉजिस्टचा’ असं कोणी तोंडाने तरी म्हणतंय का ते पाहा. न म्हटल्यास मी सही केली नसती.

औषध शिरेतून देणार की मूत्राशयात, हेही विचारा. मूत्राशयात सोडलं तर त्रास बहुतेक तिथलाच, जळजळ, सारखी लघवी. शिरेतून दिलेली इम्युनोथेरपी अंगभर फिरते. थायरॉइड बिघडतं, क्वचित फुप्फुस, आतडी.

आणि हे सगळं करण्याआधी एक साधं काम. चिठ्ठीवर ‘बीसीजी फेल’ लिहिलंय, तेवढ्यावर जाऊ नका. फाइल उघडा आणि किती डोस प्रत्यक्ष झाले ते मोजा. अशा ट्रायलमध्ये सहापैकी निदान पाच डोस, आणि वर दुसऱ्या फेरीतले किमान दोन झालेले असावे लागतात, तेव्हा ‘बीसीजीला दाद दिली नाही’ असं धरतात. तुम्ही ताप आणि स्टॉकचं लिहिलंत तिथेच माझी पेन्सिल अडली.

ट्रायल खरी आहे का तेही घरबसल्या कळतं. सीटीआरआय म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची साइट. १५ जून २००९ पासून तिथे नोंद सक्तीची आहे. संमतिपत्रावर सीटीआरआयने सुरू होणारा नंबर असेल तो टाका. कोणत्या शहरात कोणतं केंद्र, कोणते डॉक्टर, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे की नाही, भरती चालू की बंद, सगळं दिसतं. नंबर नसेल तर मागा. टाळाटाळ झाली तर चहा पिऊन परत या.

पिशवीवाला_वर्धा

मास्तरनं चांगलं सांगितलं. मी पिशवीबद्दल सांगतो, कारण तुमचे बाबा तिथंच अडून राहिले.

माह्यं स्नायूत गेलं होतं, आधी केमो, मग मूत्राशय काढलं. आतड्याचा तुकडा वापरून पोटावर तोंड काढते, त्याले बाहेरून पिशवी चिकटवाची. ऑपरेशन मोठं हाय, खोटं काऊन सांगू. पहिले दोन-तीन महिने जीव नकोसा होते. आता मी शेतात जाऊन राहिलो, लग्नात पंगतीत बसून राहिलो, शर्टाच्या आत हाय का नाही कोणाले समजत नाही. खरा त्रास मे महिन्यात. पंचेचाळीस डिग्रीत घामानं पिशवी धरणाऱ्या चिकट चकतीची कड सुटते, मंग थेंब-थेंब. त्यावर उपाय असा की बदलाच्या आधी चामडी कोमट पाण्यानं धुवाची, साबण-तेल काही नाही, पंख्याखाली पूर्ण कोरडी होऊ द्याची, अन चकती चिकटवल्यावर हाताची ऊब दोन मिनिट दाबून धराची. सकाळी काही प्यायच्या आधी बदलवाची, तेव्हा लघवी कमी येते. भोक मापून कापाचं, मोठं कापलं का चामडी सोलते.

काही लोकांचं आतड्याचंच नवं मूत्राशय आत बनवते, त्याले बाहेर पिशवी लागत नाही. पण सगळ्याइले जमत नाही, सर्जनले विचारा. बाबाले एकदा पिशवीवाल्या माणसाशी बोलू द्या, मंग ते नाही म्हणोत का हो म्हणोत. न पाहता नाही म्हणून राहिले ते मले पटत नाही.

धंतोली_केमिस्ट

मास्तरांच्या यादीत एक भर घालतो. ती परदेशी नावं ऐकून लोक दुकानात येतात आणि किंमत ऐकून जिना उतरतात. पण जेमसिटाबिन आणि त्यामागोमाग डोसिटॅक्सेल, दोन्ही मूत्राशयात सोडायची, ही जोडी ट्रायलबाहेरही वापरतात. दोन्ही जुनी केमोची औषधं, जेनेरिकमध्ये आपल्याकडे सहज मिळतात. अमेरिकेत अनेक हॉस्पिटलांनी मिळून, बीसीजीनंतर ही जोडी दिलेल्या २७६ रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या होत्या. त्यात दोन वर्षांनी ४६ टक्के जणांना आजार उलटलेला नव्हता. ही ठरवून केलेली ट्रायल नव्हे, एवढं लक्षात ठेवा. आता बीसीजीसमोर हीच जोडी उभी करून ब्रिज नावाची ट्रायल तिकडे चालू आहे. तुमच्या युरोलॉजिस्टना हा तिसरा रस्ता विचारून बघा.

इतवारीकर

मास्तर, तुम्ही कमिटीत होते हे माहीत नव्हतं. बरं, पैशाचं सांगा ना. ताईनं विचारलं ते तसंच राह्यलं.

जुना_मास्तर

खरं आहे, राहिलंच. ट्रायलचं औषध आणि ट्रायलसाठी म्हणून होणाऱ्या तपासण्या यांचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. येण्याजाण्याचा खर्च कागदात लिहिलेला असतो तेवढा मिळतो, पावत्या जपून ठेवा. वाद होतो तो मधल्या गोष्टींवर. ट्रायल चालू असताना साखर वाढली, हर्निया निघाला, त्याचे पैसे कोणाचे? ट्रायलशी संबंध नसेल तर तुमचे. संबंध आहे की नाही हे ठरेपर्यंत मात्र उपचार त्यांनीच करायचा. आणि भावाला सांगा, ट्रायल संपल्यावर औषध चालू राहील का हेही विचार. बाबांना गुण आला आणि अभ्यास बंद झाला, मग पुढची बाटली कोण देणार?

वर्षा_मानेवाडा

सगळ्यांचे मनापासून आभार. सर, तुमचं वाचून रात्रीच फाइल काढली. डोसच्या दिवसांची बिलं लावून पाहिली. बीसीजीची बिलं चारच आहेत. पाचव्याच्या तारखेला बाबा तापाने ॲडमिट होते, त्या दिवशीचं बिल अँटिबायोटिकचं आहे. सहाव्याच्या वेळी स्टॉक नव्हता, आणि मग सणवार आले, आणि मग कोणीच विषय काढला नाही. डिस्चार्ज कार्डवर मात्र ‘सहा डोस पूर्ण’ असं छापलंय!

सकाळी कोऑर्डिनेटर मॅडमना फोन केला. त्यांनी बिलांचे फोटो मागवले आणि दुपारी सांगितलं की बाबा या ट्रायलमध्ये बसत नाहीत. खूप नीट बोलल्या, म्हणाल्या आत्ता सांगितलंत ते बरं झालं, नाहीतर सगळ्या तपासण्या होऊन शेवटी हेच झालं असतं. भाऊ माझ्यावर चिडलाय, ‘तुला कोणी मोजायला सांगितलं होतं’ म्हणून.

संध्याकाळी आमच्या युरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी बिलं पाहिली, डोक्याला हात लावला. म्हणाले बीसीजी फेल झालेलं नाही, ते पूर्ण दिलंच गेलेलं नाही. कल्चर करून इन्फेक्शन नाही ना बघू आणि पुन्हा सहाची फेरी देऊ, यावेळी एकही चुकवायचा नाही, तीन महिन्यांनी बायोप्सी. तेव्हाही सीआयएस राहिला तर ऑपरेशनचं बोलणं टाळायचं नाही, असं बाबांकडून त्यांनी कबूल करून घेतलं. बाबा तोंडाने हो म्हणालेत. पिशवीवाले काका, तुमचा मजकूर त्यांना वाचून दाखवला. मे महिन्याच्या घामापाशी ते हसले.

सर, भाऊ आता दुसरीच ट्रायल शोधून बसलाय, बीसीजीसोबत इम्युनोथेरपीचं इंजेक्शन. ती बाबांना चालेल का?

जुना_मास्तर

भावाला म्हणावं, तू चिडलास ते समजतं, पण मॅडमनी पुढे हेच मोजलं असतं.

तो म्हणतोय तशा दोन मोठ्या ट्रायल होऊन गेल्या, पोटोमॅक आणि क्रेस्ट. पोटोमॅकमध्ये १०१८ रुग्ण. तिथेही माझा जुनाच प्रश्न लावा, दुसऱ्या गटाला काय मिळालं? बीसीजी, पूर्ण, पहिल्या फेरीनंतर दोन वर्षांपर्यंतच्या देखभालीच्या डोससकट. पहिल्याला तेच आणि वर वर्षभर ड्युरव्हालुमॅब. हाय रिस्क आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ३२ टक्क्यांनी कमी झाला, त्रासही वाढला. पण त्या ट्रायल आधी बीसीजी न घेतलेल्यांच्या होत्या. बाबांचे चार झालेत, म्हणजे ते ना कोऱ्या पाटीत, ना फेल झालेल्यांत. असे मधले रुग्ण घेणाऱ्याही ट्रायल असतात, सीटीआरआयवर शोधत राहा, पण त्यासाठी ही फेरी थांबवू नका.

एक मात्र करा. डिस्चार्ज कार्डवरची ‘सहा डोस’ ही ओळ लेखी दुरुस्त करून घ्या, सही-शिक्क्यासह. उद्या कुठल्याही दारात गेलात, टाटात किंवा जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलात, तर तीच ओळ आधी वाचली जाईल.

पिशवीवाला_वर्धा

बीसीजीच्या दिवशी सकाळपासून पाणी कमी प्याचं, नाहीतर दोन तास रोखून धरणं जमत नाही. नंतरची लघवी बसून कराची, अन त्या दिवशी दरवेळी संडासात ब्लीच टाकून थोडा वेळ तसंच ठेवाचं, मंग फ्लश. जिवंत जंतू हाय तो. ताप दोन दिवस राह्यला का फोन, वाट नाही पाहाची.

वर्षा_मानेवाडा

केमिस्ट दादा, यावेळी तरी मध्येच स्टॉक संपू नये म्हणून काय करू? सहाही आधी घेऊन घरी फ्रीजमध्ये ठेवू का?

धंतोली_केमिस्ट

घरी नको. दोन ते आठ डिग्रीत राहायला हवं आणि गोठताही कामा नये. घरच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याजवळ सरकलं की गेलं, आणि उन्हाळ्यात दुपारी लाईट गेली तर वेगळीच पंचाईत. पुण्याच्या सीरमचं ऑन्को-बीसीजी आम्ही मागवतो. पहिल्या डोसच्या आधी सहाही व्हायल तुमच्या नावाने मागवून दुकानाच्या फ्रीजमध्ये ठेवता येतील, एक्सपायरी मी शेवटच्या डोसच्या पुढची बघून घेतो. प्रत्येक वेळी बर्फाच्या पिशवीच्या डब्यातून न्यायची, थेट ओपीडीत.

वर्षा_मानेवाडा

मग उद्याच येते. किती वाजता उघडता? आणि व्हॉट्सॲपवर प्रिस्क्रिप्शन पाठवलं तर चालेल का?

धंतोली_केमिस्ट

साडेनऊला. मूळ प्रिस्क्रिप्शन आणा, त्यावर किती मिलिग्रॅमची व्हायल ते डॉक्टरांकडून लिहून घेऊन या. मागच्या वेळचं कोणत्या ताकदीचं होतं ते तुमच्या चार बिलांवर असेलच, तीही आणा.